दुपारचं प्रॅक्टिकल

बारावीचा निकाल लागला की आमच्या अभ्यासिकेत आठवडाभर एकच विषय असतो, पोराला कुठं टाकायचं. उत्तर बहुतेक वेळा आधीच ठरलेलं असतं. आर्ट्सला टाका. सकाळचं कॉलेज करील, दुपारी कुठंतरी कामाला जाईल, संध्याकाळी एमपीएससीचा अभ्यास करील. बारावी सायन्स काढलेली पोरंसुद्धा इथं येऊन वळतात. आम्ही स्वतः समाजशास्त्रात एम.ए. केलेले, तेव्हा आर्ट्सला नावं ठेवायचा आम्हाला अधिकार नाही आणि इच्छाही नाही. पण हा निर्णय आवडीनं होतो असं कुणी सांगितलं तर ते आम्ही मानणार नाही. तो घड्याळाकडे बघून होतो.

बी.एस्सी.चं वेळापत्रक एकदा नीट बघा. बहुतेक कॉलेजांत सकाळी तास आणि दुपारी प्रॅक्टिकल. एकेक प्रॅक्टिकल तीन-चार तासांचं. हजेरी हवी, जर्नलवर सही हवी, आणि जर्नल सर्टिफाय झालं नाही तर प्रॅक्टिकलच्या परीक्षेला बसता येत नाही. म्हणजे बारा ते पाच पोरगं कॉलेजात अडकलं. याच पाच तासांत मेडिकलच्या काउंटरवर, मोबाइलच्या दुकानात, गॅरेजवर उभं राहून वस्तीतली पोरं घरचा किराणा भरतात. आर्ट्सच्या पोराला हे जमतं, सायन्सच्या पोराला जमत नाही. मग दोन वर्षांनी हिशेब मांडला जातो की ह्यांना सायन्स झेपत नाही. प्रस्थापित म्हणतात मेरिट नाही. दुःख याचं, की आपलेही काही कार्यकर्ते त्यावर मान डोलावतात.

बाबासाहेबांनी हा विषय १९४२ सालीच मांडून ठेवला आहे. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूर खातं सांभाळत असताना त्यांनी सरकारला अस्पृश्यांच्या गाऱ्हाण्यांचं निवेदन दिलं. त्यात त्यांचं म्हणणं असं आहे, की कला आणि कायद्याच्या शिक्षणानं अस्पृश्यांचं फारसं भलं होणार नाही; त्यांना विज्ञान आणि तंत्रज्ञानाचं वरच्या दर्जाचं शिक्षण हवं, आणि ते इतकं महाग आहे की सरकारी मदतीशिवाय त्यांच्या आवाक्यात येणार नाही. हे लिहिणारा माणूस अर्थशास्त्राचा डॉक्टर आणि बॅरिस्टर होता, हे ध्यानात घ्या. १९४६ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढलं ते कला आणि विज्ञान अशा दोन्ही शाखांचं. १९५० साली औरंगाबादला महाविद्यालय आलं, पुढं त्याला मिलिंद हे नाव मिळालं. प्रयोगशाळा हा कॉलेजचा सगळ्यात महाग भाग असतो. वर्गाला फळा आणि खडू पुरतो, प्रयोगशाळेला गॅस, पाणी, काच, रसायनं आणि ते सांभाळणारा माणूस लागतो. हे सगळं माहीत असून त्यांनी तो खर्च टाळला नाही.

आमची अभ्यासिका औरंगाबादेतल्याच एका वस्तीत, विहाराच्या मागच्या खोलीत आहे. अठरा खुर्च्या, सहा जुने संगणक, एक कपाट. तिथं आम्ही स्पर्धा परीक्षेची पुस्तकं ठेवतोच, पण गेल्या काही वर्षांपासून पदवीच्या तीन विषयांवर मुद्दाम जोर दिला आहे. रसायनशास्त्र, संगणकाचं प्रोग्रामिंग, आणि तिसरा विषय ऐकून लोक हसतात तो, म्हणजे बोधनशास्त्र. इंग्रजीत त्याला कॉग्निटिव्ह सायन्स म्हणतात. माणूस विचार कसा करतो, शिकतो कसा, विसरतो का, याचं शास्त्र.

केमिस्ट्रीपासून सांगतो. आमच्याकडे एक मुलगी येते, केमिस्ट्री आणि कॉम्प्युटर सायन्स घेऊन बी.एस्सी.ला आहे. वडील सेंट्रिंगच्या कामावर, आई चार घरची धुणीभांडी करते. दहावीपर्यंत मराठी माध्यम. अकरावीला एकदम सगळं इंग्रजीत आलं. तिला संयुजा पाठ होती, पण व्हॅलन्सी विचारलं की ती गप्प. आम्ल, आम्लारी, द्रावण, अवक्षेप, सगळे शब्द डोक्यात होते, फक्त वर्गात त्यांना कुणी ओळख देत नव्हतं. आपल्याकडे कितीतरी पोरं विषयात नापास होत नाहीत, शब्दांच्या या बदलीत नापास होतात. आम्ही एक वही केली. डावीकडे मराठी शब्द, उजवीकडे इंग्रजी शब्द देवनागरीत. शे-सव्वाशे शब्द झाल्यावर तिची भीती निम्म्यानं उतरली. हे काम करायला केमिस्ट्रीचा प्राध्यापक लागत नाही, दहावीचं आणि अकरावीचं पुस्तक शेजारी ठेवून बसणारा एक माणूस लागतो.

पहिल्या वर्षाला पाण्याचा कठीणपणा मोजायचं प्रॅक्टिकल असतं. ज्यांनी केलं नाही त्यांच्यासाठी थोडक्यात. पाण्यात कॅल्शियम आणि मॅग्नेशियम असलं की साबणाला फेस येत नाही, भांड्यावर पांढरा थर बसतो. ते किती आहे हे मोजायचं तर चंबूत मोजून पाणी घ्यायचं, त्यात अमोनियाचं बफर घालायचं, वास नाकात झोंबतो, मग एरिओक्रोम ब्लॅक टी नावाचा दर्शक टाकायचा आणि वरून ब्युरेटमधून ईडीटीएचं द्रावण थेंब थेंब सोडायचं. लाल रंग जाऊन निळा झाला की थांबायचं. पुस्तकात त्या लाल रंगाला वाइन रेड म्हटलं आहे. तिनं आम्हाला विचारलं, वाइन रेड म्हणजे कसला लाल? पंचशील घेतलेल्या घरात वाइन कुठून दिसणार! शेवटी तिनंच ठरवलं, डाळिंबाचा रस. जर्नलात मात्र वाइन रेडच लिहिलं, नाहीतर सही मिळाली नसती.

ती एकदा वस्तीतल्या बोअरचं पाणी बाटलीत भरून कॉलेजला घेऊन गेली. प्रयोगशाळेतल्या परिचरांनी आधी कुरकुर केली, मग करू दिलं. ५० मिली पाण्याला ३२ मिली ईडीटीए लागलं. शून्य पूर्णांक शून्य एक मोलर द्रावणाचा एक मिली म्हणजे एक मिलिग्रॅम कॅल्शियम कार्बोनेट, म्हणजे ५० मिलीत ३२ मिलिग्रॅम, लिटरला ६४०. भारतीय मानकात पिण्याच्या पाण्याला २०० ही स्वीकारार्ह मर्यादा आहे, आणि दुसरा स्रोतच नसेल तर ६०० पर्यंत चालतं. आमचं पाणी त्याच्याही पुढं. वस्तीत लगेच चर्चा सुरू झाली की म्हणूनच सगळ्यांना मुतखडा होतो. तिनं मान हलवली. म्हणाली, दादा, टायट्रेशन तेवढं सांगत नाही, ते फक्त कठीणपणा सांगतं. हे उत्तर आम्हाला त्या ६४० पेक्षा मोलाचं वाटलं. महानगरपालिकेला नळाच्या मागणीचा अर्ज देताना आम्ही तेवढाच आकडा लिहिला, मुतखडा लिहिला नाही.

शाळेत शिपाई नसला की ज्याला तहानलेलं राहावं लागलं, ज्यानं २० मार्च १९२७ ला महाडच्या तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं, त्याच्या लेकीनं पाणी मोजायला शिकणं ही आम्हाला साधी गोष्ट वाटत नाही. तिला मात्र त्या दिवशी जर्नलवर सही मिळण्याची घाई होती, आणि तेही बरोबरच आहे.

आता प्रोग्रामिंग. इथं अडचण वेगळी आहे, आणि ती सरकारी धोरणानं तयार केलेली आहे. जुन्या कॉलेजांत बी.एस्सी. केमिस्ट्री बहुधा अनुदानित असते, फी झेपते. त्याच आवारात, कधीकधी त्याच इमारतीच्या वरच्या मजल्यावर, बीसीए किंवा बी.एस्सी. कॉम्प्युटर सायन्स विनाअनुदानित असतो आणि फी कित्येक पटींनी जास्त. ज्या विषयाला बाजारात काम आहे त्यातून शासनानं हात काढून घेतला. शिकवणारे तासिका तत्त्वावर, म्हणजे पुढच्या वर्षी असतील की नाही ठाऊक नाही, आणि तिथं पदभरतीतलं आरक्षण कागदावरच राहतं. मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती आहे, अडीच लाखांच्या उत्पन्न मर्यादेत. पण महाडीबीटीवर अर्ज मंजूर होऊन पैसे येईपर्यंत वर्ष सरतं आणि कॉलेज पहिल्या महिन्यात फी मागतं. २०२१ नंतर केंद्राचा ६० टक्के वाटा थेट विद्यार्थ्याच्या खात्यात येतो. ऐकायला चांगलं आहे. पण ज्या घरात दवाखान्याचं बिल थकलेलं आहे त्या घराच्या खात्यात आलेला पैसा कॉलेजपर्यंत पोचेल याची खात्री दिल्लीत बसून कशी देणार? २०२४ साली उत्तर प्रदेशातल्या एका मजुराच्या मुलाची धनबादच्या आयआयटीतली जागा १७,५०० रुपये वेळेत भरता आले नाहीत म्हणून गेली होती. ती परत मिळवायला सर्वोच्च न्यायालयाला कलम १४२ वापरावं लागलं. साडेसतरा हजारांसाठी!

फीच्या पुढची गोष्ट यंत्राची. आमच्या पोरांकडे मोबाइल आहे, संगणक नाही. मोबाइलवर पायथन चालतं, पण अंगठ्यानं पन्नास ओळींचा प्रोग्राम लिहून बघा. आणि विद्यापीठाची लेखी परीक्षा तर प्रोग्राम कागदावर पेनानं लिहायला लावते, हा एक विनोदच आहे. पोरं प्रोग्राम पाठ करतात, कवितेसारखा. यंत्रावर चालवून, चुकून, दुरुस्त करून शिकायची गोष्ट पाठांतराची झाली की ती पुन्हा त्यांच्याच सोयीची होते ज्यांच्या घरी यंत्र आहे.

एक गोष्ट आम्ही जवळून पाहिली. चूक झाली की यंत्र लाल अक्षरांत मोठा मजकूर फेकतं, आणि आपली पोरं हात मागे घेतात. लहानपणापासून चूक म्हणजे ओरडा, आणि ओरड्यात जातीचा शब्द कधी येईल सांगता येत नाही, अशी सवय असलेल्या पोराला तो लाल मजकूर शिवीसारखा लागतो. आम्ही त्यांना एकच युक्ती शिकवली. वरचं सगळं सोडा, शेवटची ओळ आधी वाचा. पायथन शेवटच्या ओळीत सांगतं की नेमकं काय बिघडलं, आणि त्याच्या वर कुठल्या क्रमांकाच्या ओळीत बिघडलं तेही सांगतं. कंस राहिला, नाव चुकलं, ओळ आत सरकवायची राहिली. यंत्राला तुझं आडनाव माहीत नाही रे, असं एका पोराला सांगितलं तेव्हा तो मोकळा हसला होता. यंत्र बनवणाऱ्यांना आणि नोकरी देणाऱ्यांना मात्र आडनाव माहीत असतं, हे आम्ही त्याला त्या दिवशी सांगितलं नाही. ते कळायला वेळ आहे.

ज्यांना कॉलेजची विनाअनुदानित फी परवडत नाही त्यांनी मद्रास आयआयटीचा डेटा सायन्सचा ऑनलाइन बी.एस. अभ्यासक्रम जरूर पाहावा. २०२० साली सुरू झाला, जेईई लागत नाही, चार आठवड्यांचा अभ्यास करून पात्रता परीक्षा द्यावी लागते, अनुसूचित जाती-जमातींना फीत मोठी सवलत आहे. २०२२ पासून यूजीसीनं एकाच वेळी दोन पदव्या करायला परवानगी दिली आहे, तेव्हा बी.ए. करता करताही हे करता येतं. पण ते सोपं आहे असा समज नको. शिकवणं इंग्रजीत आहे आणि गणित टाळता येत नाही. एकट्यानं मोबाइलवर सुरू केलेली पोरं मध्येच सोडतात, चार जण एकत्र बसली तर टिकतात. त्यासाठीच तर अभ्यासिका.

आणि आता ज्यावर लोक हसतात तो विषय. बोधनशास्त्राचा जन्म कधी झाला याचं उत्तर जॉर्ज मिलर या मानसशास्त्रज्ञानं तारखेनिशी दिलं आहे, ११ सप्टेंबर १९५६, एमआयटीतली एक परिषद. मानसशास्त्र, भाषाशास्त्र आणि संगणक एकाच टेबलावर आले तो दिवस. म्हणजे नागपूरच्या धम्मदीक्षेच्या जेमतेम महिनाभर आधी. हा निव्वळ योगायोग आहे, त्यातून काही सिद्ध करायला जाऊ नका. मिलिंद राजाला नागसेनानं रथाची चाकं, आस, दांडी सुटी करून विचारलं होतं की यात रथ कुठं आहे, आणि तसाच मी कुठं आहे. हा प्रश्न आजच्या बोधनशास्त्राच्या अगदी जवळचा आहे. पण सगळं आमच्या ग्रंथांत आधीच होतं, असं म्हणायचा धंदा पुष्पक विमानवाल्यांकडेच राहू द्या.

आम्हाला हा विषय हवा आहे तो मेरिटच्या वादासाठी. कार्ला हॉफ आणि प्रियांका पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी उत्तर प्रदेशात सहावी-सातवीच्या मुलांवर एक प्रयोग केला. ३२१ मुलं वरच्या जातींची, ३२१ खालच्या मानलेल्या जातींची. सगळ्यांना कागदावरची भूलभुलैयाची कोडी सोडवायला दिली, सोडवलेल्या कोड्यांचे पैसे. जातीचा उल्लेख केला नाही तेव्हा दोन्ही गटांत म्हणावा असा फरक नव्हता. मग काही गटांत प्रत्येकाचं नाव, बापाचं, आज्याचं नाव आणि जात सगळ्यांसमोर वाचून दाखवली. तेवढ्यानं खालच्या मानलेल्या जातींच्या मुलांची कामगिरी घसरली. डोकी तीच, कोडी तशीच. बदललं होतं फक्त वाचून दाखवणं.

हे वाचलं तेव्हा आमच्या डोळ्यांसमोर एक कॉलेज आलं, नाव सांगत नाही. भरल्या वर्गात कारकून येतो आणि म्हणतो, बीसी स्कॉलरशिपवाले उभे राहा. ऐंशी पोरांत पंचवीस उभी राहतात. नंतर त्याच तासाला सर फळ्यावर प्रश्न विचारतात आणि तक्रार करतात की ही पोरं बोलत नाहीत.

दुसरा अभ्यास २०१३ सालचा, तमिळनाडूतल्या ४६४ ऊस उत्पादक शेतकऱ्यांचा. तोच शेतकरी, ऊस तुटण्याआधी हातात पैसा नसताना आणि तुटल्यावर पैसा आल्यावर, अशा दोन वेळा बुद्धीच्या चाचण्यांना बसवला. पैसा नसताना गुण कमी, आल्यावर जास्त. ते शेतकरी होते, आपल्या बीडकडचे ऊसतोड मजूर नव्हते, हा फरक लक्षात ठेवा. पण पैशाची काळजी डोक्यातली जागा अडवते, हे त्यातून समजतं. अशा अभ्यासांवर वाद आहेत, काही ठिकाणी तेच प्रयोग पुन्हा करून तसेच निष्कर्ष आलेले नाहीत, आणि एका अभ्यासाला कायदा समजणं हे आपल्याला शोभणारं नाही. म्हणूनच तर आपल्यातली दहा-वीस पोरं या विषयात हवीत, जी स्वतः प्रयोग लावतील. पदवीला हा विषय आपल्याकडे क्वचितच मिळतो. पदव्युत्तर पातळीवर अलाहाबाद विद्यापीठ, हैदराबाद विद्यापीठ, गांधीनगरची आयआयटी अशी ठिकाणं आहेत. मानसशास्त्र, भाषाशास्त्र किंवा कॉम्प्युटर घेऊन तिकडं जायचा रस्ता आहे, पण आजवर आमच्या वस्तीतून त्या रस्त्यानं कुणी गेलेलं नाही.

सध्या आमची खरी लढाई नव्या शैक्षणिक धोरणातल्या एका शब्दाशी आहे, एक्झिट. पदवी चार वर्षांची, पण पहिल्या वर्षानंतर सर्टिफिकेट घेऊन, दुसऱ्यानंतर डिप्लोमा घेऊन बाहेर पडता येतं. तीन वर्षांच्या आत परत येता येतं, एकूण सात वर्षांत पदवी पूर्ण करायची. कागदावर ही सवलत आहे. पण बाहेर पडायचं दार ज्याच्या घरी पैसा आहे त्याला आणि ज्याच्या घरी नाही त्याला सारखं दिसत नाही. पूर्वी पोरगं दुसऱ्या वर्षाला सोडून जायचं तेव्हा निदान गळती म्हणून त्याची मोजणी व्हायची, कुणीतरी प्रश्न विचारायचं. आता त्याच्या हातात सर्टिफिकेट असेल आणि ते गेलं असं कुणी म्हणणार नाही. पहिल्या वर्षाच्या केमिस्ट्रीच्या सर्टिफिकेटवर नोकरी कोण देतं, हे आम्हाला अजून कुणी दाखवलेलं नाही.

त्या पाणी मोजणाऱ्या मुलीवरही हीच वेळ आली. दुपारी दोन ते रात्री नऊ मेडिकलच्या दुकानात काम, आणि प्रॅक्टिकल त्याच वेळेत. वडील म्हणाले, सर्टिफिकेट मिळतंय तर घे आणि थांब. आम्ही विभागप्रमुखांकडे गेलो, सकाळची बॅच मागितली. उत्तर आलं, नियमात बसत नाही. कुठल्या नियमात, ते लेखी द्या, असं म्हटल्यावर विषय थोडा मऊ झाला. त्याच प्रयोगशाळेतल्या परिचरांनी हळूच सांगितलं की शनिवारी सकाळी दोन टेबलं रिकामी असतात. पुन्हा अर्ज, पुन्हा फेऱ्या, आणि तिला शनिवारची परवानगी मिळाली. तिच्या एकटीला. आम्ही मागितली होती सगळ्या काम करणाऱ्या मुलांसाठी.

कार्यकर्त्यांना आमचं एवढंच सांगणं आहे, की जयंतीच्या मिरवणुकीचं नियोजन जितक्या बारकाईनं करता तितक्या बारकाईनं आपल्या भागातल्या कॉलेजचं प्रॅक्टिकलचं वेळापत्रक एकदा हातात घ्या. शनिवारी कुठली टेबलं रिकामी आहेत ते परिचरांना विचारा. पहिल्या वर्षातली आपली किती पोरं एक्झिटचा फॉर्म भरताहेत ते फॉर्म भरायच्या आधी शोधा, नंतर नाही.

ती मुलगी आता दुसऱ्या वर्षाला आहे. तिच्याच वर्गातल्या आमच्या दोन पोरांनी सर्टिफिकेट घेतलं. एक गोदामात आहे, एक पुण्याला डिलिव्हरीच्या कामावर गेला. दोघांचीही नावं अभ्यासिकेच्या वहीत आम्ही खोडलेली नाहीत. परत यायची मुदत तीन वर्षं आहे, त्यातलं एक संपत आलं.